न्हावऱ्याला काही त्रास नाही

पिकअपच्या मागच्या फाळक्यावर दोनदा थाप मारायची आणि म्हणायचं, "चढा. हात कुनी कुनाला द्यायचा न्हाई." आक्काची सकाळ अशी सुरू व्हायची. फाळका ती कधी खाली पाडू द्यायची नाही. ड्रायव्हर नवीन होता तेव्हा बायामाणसं आहेत म्हणून त्याने एकदा माणुसकीने तो पाडला, तर तिने सगळ्यांदेखत विचारलं, "वऱ्हाड घिऊन निघालाय का रं?" तेव्हापासून तो गाडीतून खालीच उतरत नसे.

तुम्ही सकाळच्या वेळी न्हावऱ्याच्या फाट्यावर कधी चहाला थांबला असाल तर तुम्हीही तिला पाहिलं असेल. उंच, हाडकुळी, साडीवरून पुरुषी फुल शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेला टॉवेल, पन्नाशी केव्हाच ओलांडलेली. आक्का हे काही तिचं नाव नव्हे. नाव मला माहीत आहे, पण ते मी इथे लिहिणार नाही. तिचं सगळं बाहेर काढून झाल्यावर निदान एवढं तरी मी तिच्याकडे राहू देते.

आक्का कांदेकाढणीच्या टोळीची मुकादमीण होती. बावीस बायांची टोळी. शेतकऱ्याकडून एकरावर उक्तं काम घ्यायचं, सगळ्यांनी मिळून उरकायचं, मजुरी सारखी वाटून घ्यायची. एक बाई मागे राहिली की तिच्या वाटणीचं काम बाकीच्यांच्या अंगावर पडतं. म्हणून गाडीत कोण बसणार हे आक्का ठरवायची आणि तिची परीक्षा म्हणजे तो न पाडलेला फाळका. मागच्या बंपरवर एक पाय ठेवायचा, दुसरा वरून आत टाकायचा. जिला हे एकटीने जमलं ती कामावर. जिला जमलं नाही तिने डबा उचलायचा आणि घरचा रस्ता धरायचा. "वावरात डाक्टर नसतोय. हितंच तपासलेलं बरं," असं ती म्हणायची.

बायांना ती नावाने हाक मारत नसे. दुखण्याने मारायची. एक होती 'साखर', एक 'दमा', एक 'कंबर'. गर्भाशय काढून टाकलेल्या तिघीजणी होत्या, त्या 'मोठी पिशवी', 'मधली पिशवी' आणि 'धाकटी पिशवी'. "ए साखर, आज च्यात तुझंच बोट बुडवू का?" असं म्हणून ती स्वतःच खो-खो हसायची आणि बायाही हसायच्या. मीही हसायचे. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही हसला असता, कारण ती बोलायचीच अशी की हसू आवरायचं नाही. नंतर घरी येऊन आठवलं की तोंड कडू व्हायचं, पण सकाळी पुन्हा तिच्याजवळ जाऊन उभी राहायचेच.

आता माझं काम सांगते. मी शिरूरची. एका संस्थेच्या सर्वेक्षणावर मी तेव्हा कंत्राटी होते. दुखण्यापायी माणसांचं रोजचं जगणं कुठे कुठे अडतं, हे घरोघर जाऊन विचारायचं. अर्धा किलोमीटर चालता येतं का? पायऱ्या चढता येतात का? उकिडवं बसून उठता येतं का? भरलेली कळशी उचलता येते का? अंघोळ स्वतःची स्वतः करता येते का? प्रत्येक प्रश्नाला चारच उत्तरं: त्रास नाही, थोडा त्रास, खूप त्रास, जमतच नाही. टॅबवर बोट टेकवायचं आणि पुढे जायचं.

शिरूर तालुक्यातलं न्हावरे आणि दौंड तालुक्यातलं खुटबाव अशी दोन गावं निवडली होती. ज्या गावात अडलेली माणसं जास्त निघतील तिथे संस्था एक केंद्र काढणार होती. गुडघ्या-कमरेचे व्यायाम करून घेणारा माणूस, शेकायचं मशीन, पट्टे, वॉकर आणि आठवड्यातून दोनदा डॉक्टर. केंद्र एकच. ही गोष्ट गावात बोलायची नाही अशी आम्हाला सक्त ताकीद होती. सांगितलं की लोक दुखणी वाढवून सांगतात, असं आमच्या साहेबांचं मत होतं. साहेब पुण्याहून यायचे आणि त्यांना गावातल्या लोकांबद्दल बरीच मतं होती.

माझी पंचाईत अशी झाली की शिरूरची एसटी मला न्हावऱ्यात सोडायची तोवर गाव रिकामं झालेलं असायचं. घरोघरी कुलपं, नाहीतर ओट्यावर एखादं म्हातारं माणूस आणि पाळण्यात पोर. आठवडाभर मी कुलपांचे फोटो काढत हिंडले. मग एक दिवस पहिल्या गाडीने आले, तर फाट्यावर बावीस बाया एका जागी उभ्या. मला वाटलं, देव पावला. घरोघर कशाला जायचं, गाव इथेच गोळा होतंय की!

आक्काला विचारलं. ती म्हणाली, "इचारा की. पन गाडी सुटायच्या आत."

आणि ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मला ती मदतच वाटली. ती एकेकीला हाक मारायची, ती बाई पुढे यायची, मी विचारायचे.

पहिली आली 'साखर'. तिच्या डाव्या चपलेत प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत पाय होता.

"चालताना काही त्रास होतो?"

तिने माझ्याकडे नाही, आक्काकडे पाहिलं. "न्हाई."

"उकिडवं बसून उठायला?"

"आवं, रोज बसते की. काय त्रास न्हाई."

मी पाच वेळा 'त्रास नाही' दाबलं. मग ती दात आवळून फाळक्यावरून आत गेली आणि मी पुढच्या बाईला बोलावलं. 'दमा'ला काही त्रास नव्हता. तिन्ही पिशव्यांना काही त्रास नव्हता. 'कंबर' तर म्हणाली, "कळशी? दोन उचलते, बगायच्यात का?" सगळ्या हसल्या.

हौसाबाई शेवटी आली. ती आक्काच्याच वयाची. दोघींची लग्नं एकाच वर्षी झाली, दोघी एकाच आळीत नांदायला आल्या, आणि आक्का जिच्याशी सगळ्यात वाईट बोलायची ती हीच. हिचं नाव 'गुडघे'. बंपरवर पाय ठेवायचा तर ती दोन्ही हातांनी साडीला धरून आपलाच पाय वर ओढून घ्यायची, जड पोतं उचलून ठेवावं तसा. मी विचारलं तर म्हणाली, "मला? मला काय धाड भरलीया?"

मला दिसत होतं. हे मी आज लिहितेय म्हणून सांगत नाही, तेव्हाही दिसत होतं. पण आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं, समोरचा सांगेल ते लिहायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. डोकं न चालवण्याचा पगार मिळत असला की माणूस फार पटकन नियमाला जागतो. चार सकाळींत ठरलेले फॉर्म भरून मी माझं न्हावरे संपवलं. माझी खुटबावची जोडीदारीण संध्याकाळी घरोघरी जाऊन ओट्यावर बसायची, सासू आत गेली की सुनेला विचारायची, चहा घ्यायची, निम्म्यावरही आली नव्हती. साहेबांनी ग्रुपवर माझं कौतुक केलं. मी तिला चिडवलं, "किती चहा पितेस गं?"

दोन फॉर्ममध्ये फोटो राहिले म्हणून मी एक दिवस टोळीबरोबर वावरात गेले. कांदे काढायचे म्हणजे दिवसभर उकिडवं. उपटायचे, विळ्याने पात कापायची, बेडकासारखं बसल्या बसल्या पुढे सरकायचं. अकराच्या सुमारास हौसाबाईचा आवाज आला, "आक्के, उठाया यीना."

आक्का उभ्याने गोण्या भरत होती, तिने हात थांबवला नाही. "मग बसून ऱ्हा."

"आगं, पाय सरळच व्हईना."

"सरळ करून कुठं जायचंय तुला? पात काप."

दोघीजणी उठवायला निघाल्या तर आक्काने त्यांना तिथूनच झापलं. मग तिने बाकीच्यांना सांगितलं की उपटलेले कांदे हौसाबाईपुढे आणून टाका. ढीग येत राहिला, हौसाबाई कापत राहिली. जेवली तिथेच. पाणी मागितलं तर आक्का म्हणाली, "थोडंच पी. मुताया उठवनार कोन?"  संध्याकाळी चौघींनी तिला होती तशी, घडी घातलेल्या पायांसकट, उचलून गाडीत ठेवलं. तोवर तिची साडी ओली झाली होती आणि ती कुणाकडे बघत नव्हती.

मी आक्काला म्हटलं, "तुम्हाला काही वाटलं नाही का? अकरा वाजताच घरी पाठवायची होती."

"धाडली असती तर आर्धा दिस भरला असता," ती म्हणाली. "आता आख्खा भरला. उद्यापासनं तिला येक बी दिस मिळनार न्हाई, ठावं हाय ना?"

ते खरं होतं. हौसाबाई अंथरुणातून उठली नाही. माझ्या टॅबमध्ये तिचे पाचही प्रश्न 'त्रास नाही' होते आणि तो फॉर्म पुण्याला पोचला होता.

थोड्या दिवसांनी मी तिला बघायला गेले. पहिल्या गाडीने गेले होते, टोळी अजून फाट्यावर जमली नव्हती. परसात न्हाणीच्या दगडावर हौसाबाईला बसवलं होतं आणि आक्का तिची पाठ घासत होती. घासता घासता शिव्या देत होती. "दगड झालीया नुसता! हाल की जरा. तुझ्या सुनंला काय हात न्हाईत? रोज मलाच याया लागतंय." हौसाबाई तोंडावरून पाणी ओघळत असताना हसत होती. मला पाहिल्यावर आक्काचा चेहरा बदलला. "मॅडम, हे काय बगायचं असतंय व्हय? जावा बाहीर."

ती रोज येते, फाट्यावर जायच्या आधी येते, हे मला सुनेने सांगितलं. सून म्हणाली, "मला हातच लावू देत न्हाईत. म्हनत्यात, तू हळूहळू करती."

मग खुटबावची बातमी आली. केंद्र तिथे निघणार होतं. पाटी लागायच्या आधीच न्हावऱ्यात कळलं, कारण पिकअपवाल्याची बहीण तिकडे दिलेली होती. आक्काने मला पहिल्यांदाच फोन केला आणि फोनवर नको, इकडं या, एवढंच म्हणाली. मी गेले. ती घराबाहेर बाजेवर बसली होती. आतल्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची, दोन्ही लख्ख पुसलेल्या. घर तिने कधीच कुणाला अस्ताव्यस्त दिसू दिलं नाही.

"खुटबावला गुडघ्याचा दवाखाना निघतोय म्हनं. तुमच्याच लोकांचा."

"हो."

"आमचं काय?"

मी इकडेतिकडे बघितलं आणि खरं ते सांगितलं. "न्हावऱ्यात कुणाला काही त्रास नाही, असं आलंय."

"कोन म्हनलं?"

"तुम्हीच सगळ्यांनी, आक्का."

"आन् तुमी लिवलं?"

"लिहिलं."

 ती म्हणाली, "मला शेजारी हुबी करून इचारलं तुमी. मुकादमीन समूर असताना कुठली बाय म्हनंल, माजा गुडघा गेलाय म्हनून? म्या दुसऱ्या दिशी तिला घेतली असती व्हय गाडीत? येवढी शाळा शिकून ह्ये कळलं न्हाई तुमाला?"

मी पिशवीतला टॅब आणखी आत ढकलला. 

"आमच्या बायांला चौफुल्याला गाडी बदलून खुटबावला जाता येत असतं," ती म्हणाली, "तर गुडघ्याचा दवाखाना कशाला पायजे हुता? पुन्यांदा लिवा. समदं पुन्यांदा."

"विचारते," मी म्हटलं.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, फॉर्म बंद झालेत, यादी वर गेली, गाव ठरलं. "आणि तू आता तिकडे जाऊ नकोस. लोक गळ्यात पडतात." आक्काला एवढंच कळवायचं होतं. फोन हातात होता. मी लावला नाही. समोरासमोर सांगू असं ठरवलं, आणि खरं तर तेही ठरवलं नव्हतं, नुसतं टाळलं होतं. तोवर तिचाच निरोप आला: उद्या सकाळी या, समद्यांला थांबवून ठेवते.

उन्हाळी कांद्याचा मोठा हंगाम तोंडावर होता. अशा वेळी बागायतदार सकाळीच बाइकवरून फाट्यावर येतात, चहा पितात आणि टोळ्या ठरवून जातात. मी उतरले तेव्हा चहाच्या टपरीवर सात-आठजण बसले होते. गाडी बाजूला लावलेली. बाया रांगेत उभ्या. हौसाबाईच्या जागी तिची सून.

मी आक्काला कडेला घेतलं. "इथे नको. घरी एकेकीला—"

"घरी गेलीस तर पुन्हा न्हाईच म्हनतील," ती म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदा ती मला एकेरीत बोलली. "सवय झालीया त्यांला. हितं मी सांगते, तू लिव."

सांगायची वेळ हीच होती. मी तोंड उघडलं आणि बावीस बायांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं. मी टॅब काढला. खरा फॉर्म उघडेना, उघडणार नव्हताच. शेजारी प्रशिक्षणातला सरावाचा फॉर्म होता. दिसायला तोच, प्रश्न तेच. कितीही वेळा भरा, त्यातलं काही कुठे जात नाही, बंद केला की पुसलं जातं. मी तो उघडला आणि टॅब छातीशी धरला.

आक्काने पहिल्या बाईच्या खांद्यावर हात ठेवला. "ही इंदू." त्या बाईचं नाव इंदू आहे हे मला त्या दिवशी कळलं. "डाव्या पायाचं येक बोट कापलंय, दुसरं काळं पडाय लागलंय. पायाखाली इंचू आला तरी कळत न्हाई तिला. चालाया खूप त्रास. लिवलं?"

"लिहिलं."

"मोठ्यानं बोल."

"लिहिलं, आक्का."

"ही रंजना. पिशवी काढल्यापास्नं वाकली की मुतती. कामाच्या दिशी सकाळधरनं पान्याचा थेंब घेत न्हाई. ह्ये कशात बसतंय?"

"त्याला प्रश्न नाही, आक्का."

"मंग उकिडवं बसन्यात घाल. खूप त्रास."

रंजनाने पदराचा बोळा तोंडात धरला होता. टपरीवर तिचा सख्खा दीर चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला आणि बाइकला किक मारून निघून गेला. रंजनाने त्याच्या पाठीकडे पाहिलं आणि मग ती रडायला लागली, पण आक्का पुढच्या बाईकडे गेली होती. कुणाचा दमा, कुणाचा मणका, कुणाला रात्री पलंगावरून पाय खाली सोडायला नवरा लागतो, कुणाला न्हाताना हात पाठीपर्यंत जात नाही. एकेक बाई ती सोलत गेली. बाया खाली बघत होत्या. एकीने मात्र आपणहून मधेच सांगितलं, "आन् माझं डोकं बी फिरतंय, त्ये ऱ्हायलं," आणि आक्का तिच्यावर खेकसली, "मंग आदी का बोलली न्हाईस?"

बागायतदारांमधला एकजण, बोलायला अगदी सभ्य माणूस, तिथूनच म्हणाला, "आक्का, आसलं सामान घेऊन येती व्हय तू आमच्या रानात?" बाकीचे हसले. आक्काने ऐकलं. तिची मान ताठ झाली आणि ती क्षणभर थांबली. तिला कळलं होतं की हंगाम गेला. मला वाटलं, आता थांबेल. मी मनात म्हणत होते, थांब बाई, थांब.

"हौसा," ती म्हणाली. "ती आलेली न्हाई. येनार बी न्हाई. पाची सवालाला जमतच न्हाई."

मी पाच वेळा दाबलं.

"ऱ्हायलं कोन आता?" तिने रांगेवरून नजर फिरवली आणि डोक्याचा टॉवेल सोडला. "मी ऱ्हायले. दोन सालं झाली, मला उकिडवं बसता येत न्हाई. घरी संडासात पिलास्टिकची खुर्ची ठिवलीया, मधी भोक पाडून. भोक पाडताना माझं पोरगं रडलं. गाडीत म्होरं बसते ती मुकादमीन हाय म्हनून न्हाई. मागं मला चढता येत न्हाई म्हनून."

 रांगेतल्या बाया तिच्याकडे बघत होत्या. ज्यांना तिने त्या फाळक्यावरून घरी पाठवलं होतं त्यांच्यातल्याही दोघी त्या रांगेत होत्या.

"लिव," ती मला म्हणाली. "जमतच न्हाई."

मी लिहिलं.

"झालं?"

"झालं, आक्का," मी म्हणाले.

त्या आठवड्यात बागायतदारांनी दुसऱ्या टोळ्या ठरवल्या. कंपन्यांच्या भागात खोल्या करून राहणारी बिहारची पोरं आली, पिकअपवाला त्यांना ने-आण करायला लागला. आक्काची टोळी फुटली. काहीजणी दुसऱ्या मुकादमाकडे गेल्या आणि तिथे पुन्हा ठणठणीत झाल्या. रंजनाला सासरच्यांनी माहेरी पाठवलं. उरलेल्यांनी आक्काशी बोलणं टाकलं. चव्हाट्यावर आमची अब्रू काढली, असं त्या म्हणायच्या, आणि त्यात खोटं काय होतं?

आक्का मला दोन-तीन आठवड्यांनी एकदा फोन करायची. तक्रार नाही, शिवी नाही. "मॅडम, कवा?" एवढंच. मी म्हणायचे, "वरून यायचंय अजून." वरून काही यायचं नव्हतं. पुढे मी ते काम सोडलं, शिरूरलाच एका ऑफिसात लागले, आणि तिचा नंबर स्क्रीनवर आला की फोन पालथा ठेवायला लागले. मग फोन येणं बंद झालं. मला सुटल्यासारखं वाटलं.

ती गेल्याचं मला पिकअपवाल्याने शिरूरच्या मार्केट यार्डात सांगितलं. तेव्हा दोन महिने होऊन गेले होते.

मी न्हावऱ्याला गेले. तिच्या मुलाने पाणी दिलं. तो कंपनीत आहे, त्या दिवशी त्याची सुट्टी होती. "किडन्या गेल्या म्हनले डाक्टर," तो म्हणाला. "दुखायचं थांबावं म्हनून गोळ्या खायची ना. रोज. मेडिकलमधनं आनायची, आमाला कळू दिलं न्हाई. शेवटाला मुताया बी यीना." मग म्हणाला, "हौसामावशीला आता सूनच न्हाऊ घालती."

मी म्हटलं, "मला तुम्हाला काही सांगायचंय." तो म्हणाला, "आदी खोली बगून घ्या," आणि मला घराच्या दुसऱ्या बाजूला घेऊन गेला.

रस्त्याकडेची खोली होती. आतलं सगळं सामान काढलेलं, चुना दिलेला, खाली फरशी. भिंतीला कमरेच्या उंचीवर लोखंडी पाइप ठोकला होता, धरून चालायला. दाराचा उंबरा फोडून टाकला होता आणि रस्त्यापासून दारापर्यंत सिमेंटचा लांब, सावकाश चढत जाणारा उतार केला होता.

"केंद्राला जागा लागंल म्हनून तिनं करून घेतलं. टोळी फुटल्यावर, हातात काय नसताना," मुलगा म्हणाला. "हौसामावशीला उचलून आनाय नको, खुर्चीवर ढकलत आनता येईल म्हनायची. गवंड्याला तीनदा तोडाय लावला ह्यो उतार, उभा झालाय म्हनून. मी म्हनायचो, आगं कुनी येत न्हाई, म्हस बाहीर उन्हात हाय, तिला तरी बांधू. तर माझ्यावरच ओरडायची. मॅडमनी माझ्या डोळ्यांदेखत लिवून घेतलंय म्हनायची."

मी पाइपवरून हात फिरवला. तो पक्का बसवला होता, जराही हलत नव्हता.

"मॅडम, तुमीच सांगा आता. कवा येनार त्ये केंद्र? का बांधू म्हस?"

मी पाइपवरचा हात काढून घेतला.

"बांधा," मी म्हणाले.

 बाहेर जाऊन त्याने दावं सोडलं आणि म्हैस घेऊन आला. उतार चांगला झाला होता. म्हैस कुठेही न अडखळता वर चढली आणि आत गेली.